लाल शंकरपाळी ओळखा! रसायनांच्या डब्यावरची चिन्हं आणि आपला गट



आपल्या संघातले बरेच गट आता फिनेल, भांड्यांचं लिक्विड, साबण बनवतात. कच्चा माल तालुक्याच्या दुकानातून येतो. काही कॅनवर लाल चौकटीत चित्रं असतात, काहींवर साधं नावही नसतं. “ती चित्रं कशाची?” असं बैठकीत बऱ्याच ताई विचारतात. म्हणून या अंकात त्याबद्दल.

ही चिन्हं आली कुठून?

पूर्वी प्रत्येक देशाची धोक्याची खूण वेगळी असायची. एका देशात ‘विषारी’ ठरलेलं रसायन दुसऱ्या देशात साध्या लेबलवर विकलं जायचं. 1992 मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात जगातले देश जमले, तेव्हा सगळीकडे एकच पद्धत असावी असं ठरलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये नियमांचं पुस्तक काढलं. या पद्धतीला ‘जीएचएस’ म्हणतात. ती तयार करताना सरकारांबरोबर कंपन्यांचे आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधीही बसले होते.

चिन्ह ओळखायला सोपं आहे. शंकरपाळीसारखा टोकावर उभा चौकोन, लाल कड, आत पांढऱ्यावर काळं चित्र. अशी एकूण नऊ चिन्हं आहेत:

- कवटी आणि हाडं: थोड्या प्रमाणातही जीव जाऊ शकतो.
- हातावर आणि धातूवर पडणारे थेंब: कातडी, डोळे जाळतं. कॉस्टिक सोडा, अ‍ॅसिड.
- ज्वाला: पटकन पेट घेतं.
- गोलावर ज्वाला: दुसऱ्या वस्तूची आग भडकवतं.
- फुटणारा बॉम्ब: स्फोट होतो.
- सिलिंडर: दाबाखाली भरलेला वायू.
- माणसाच्या छातीवर चांदणी: आत हळूहळू नुकसान. कर्करोग, दमा, गर्भाला धोका.
- उद्गारचिन्ह: खाज, जळजळ, चक्कर.
- मेलेला मासा आणि वाळलेलं झाड: विहीर, नदी, ओढ्याला घातक.

चिन्हाजवळ एक शब्दही असतो. ‘डेंजर’ म्हणजे मोठा धोका, ‘वॉर्निंग’ म्हणजे त्याहून कमी.

फवारणीच्या औषधाचा चौकोन वेगळा

हा फरक नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे कीटकनाशकांना 1971 च्या नियमांप्रमाणे रंगीत चौकोन असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉइझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’ लिहिलेलं असतं. म्हणजे ‘डेंजर’ हा शब्द जीएचएसमध्ये पहिल्या नंबरचा, तर आपल्या औषधांवर तिसऱ्या नंबरचा! एकाच शब्दाचे असे दोन अर्थ झाले की माणूस फसतो. जगात एकच पद्धत हवी ती यासाठीच.

हिरवा चौकोन म्हणजे ‘सेंद्रिय’ किंवा ‘बिनधोक’ असं समजू नका. तो रंग फक्त लगेच होणाऱ्या विषबाधेबद्दल सांगतो, वर्षांनंतरच्या आजाराबद्दल नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्याला कारणं बरीच होती, पण हातातलं औषध किती घातक हे कळणं ही बचावाची पहिली पायरी असते.

लेबल वाटेत हरवतं

जीएचएसची सरसकट सक्ती भारतात अजून नाही. तरी परदेशात माल पाठवणाऱ्या कंपन्या ही चिन्हं छापतात, कारण युरोपसारख्या ठिकाणी त्याशिवाय माल घेत नाहीत. म्हणजे कंपन्यांना जमत नाही असं नाही. गिऱ्हाईक अडून बसलं की जमतं.

आपल्यापर्यंत येताना मात्र घोळ होतो. मोठ्या गोणीवर, ड्रमवर लेबल असतं. दुकानदार त्यातून सुट्टा माल काढून साध्या पिशवीत देतो आणि लेबल दुकानातच राहतं. आपल्याच संघातल्या एका गटात असा बिननावाचा कॉस्टिक सोडा आला. नवीन आलेल्या ताईंनी धुण्याचा सोडा समजून ओल्या हातानं घेतला. तळहात भाजला, तीन आठवडे मजुरी बुडाली. त्यांचा कर्जाचा हप्ता गटातल्या बाकीच्या ताईंनी भरला. पिशवीवर एक चिन्ह असतं तर एवढं झालं नसतं.

आपण काय करायचं?

1. लेबल नाही तर माल नाही. एकटी ताई म्हणाली तर दुकानदार ऐकणार नाही. ग्रामसंघातले सगळे गट एकाच दुकानातून माल घेतात, तिथे आपलं वजन आहे. तसा ठराव लिहून त्याची प्रत दुकानदाराला द्या.
2. ‘सेफ्टी डेटा शीट’ मागा. प्रत्येक रसायनाचा हा माहितीचा कागद असतो, त्याचे 16 भाग असतात. चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात वापर आणि साठवण, आठव्यात हातमोजे-चष्म्याची माहिती. इंग्रजीत असेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.
3. फवारणीच्या औषधाबरोबर मराठी माहितीपत्रक मागा. नियमाप्रमाणे ते स्थानिक भाषेतही हवं.
4. आपल्या मालावरही लेबल लावा. आपणही आता उत्पादक आहोत! नाव, काय काळजी घ्यायची, ‘मुलांपासून दूर ठेवा’ आणि गटाचा फोन नंबर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा.
5. सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत फिनेल किंवा अ‍ॅसिड कधीच भरू नका. लहान मूल बाटली ओळखतं, आतला माल नाही.
6. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

अंगावर उडालं तर?

लगेच वाहत्या पाण्याखाली निदान 15-20 मिनिटं धुवा. लिंबू, व्हिनेगर, हळद काही लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याची मोठी मदत होते.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटानं आपल्याकडची एक रिकामी गोणी, कॅन किंवा बाटली नीट बंद करून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी आणावी. कुणाच्या डब्यावर कोणतं चिन्ह आहे आणि कुणाच्या डब्यावर काहीच नाही, ते मिळून बघू आणि ठरावाची यादी तिथेच करू.

– तुमची क्षेत्र समन्वयक