दावणीतला जवाचा चोथा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा व वाळूज या औद्योगिक वसाहतींत जी बिअर तयार होते, तिच्यासाठी मोड आणवून वाळविलेले जव भरडून ऊन पाण्यात भिजविले जातात, आणि त्यांतील पिष्ट शर्करारूपाने द्रवात उतरल्यावर जो ओला, तपकिरी, आंबूसगोड वासाचा चोथा मागे उरतो, तो पशुखाद्य म्हणून मोठ्या मोलाचा होय. कारण पिष्ट निघून गेल्यामुळे प्रथिनांचे प्रमाण आपोआप वाढून शुष्कांशात शेकडा 20 ते 28 पर्यंत भरते. अडचण एकच, पण नाठाळ: त्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते, तेव्हा गाडीभाडे मुख्यतः पाण्याचेच भरावे लागते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तो नासतो. तो ताजाच संपविण्याची किंवा हवाबंद दाबून मुरविण्याची तजवीज आधी हवी.

कन्नड-सिल्लोडकडील मक्याची बाब निराळी. अखंड दाण्याचे आवरण चिवट असल्याने कोठीपोटातील सूक्ष्मजंतूंना आतील पिष्टापर्यंत पोचणे दुरापास्त होते. शेणाचा पो काडीने उकलून पाहावा, पिवळे दाणे सबंधच्या सबंध सापडतात. (कोंबड्यांची त्याबद्दल तक्रार नसते!) अमेरिकेतील मोठ्या गोठ्यांत मका वाफवून रुळांखाली चपटा करतात, आपल्याकडे चक्कीवरचा जाडा भरडा पुरे. मात्र पिठासारखा बारीक दळून तो एकदम भरपूर घातला, तर पिष्ट झपाट्याने आंबून कोठीपोटात आम्लता वाढते व जनावर रवंथ सोडते. यास्तव भरडा कडब्याच्या कुट्टीत मिसळून, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवीत न्यावा.