सोमवारी कडक झालेला धातू

लोहार तापलेलं पोलाद पाण्यात बुडवतो आणि ते तिथल्या तिथे कडक होतं. आल्फ्रेड विल्म यांना अ‍ॅल्युमिनियमकडून हेच हवं होतं. बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्गच्या प्रयोगशाळेत ते काडतुसांच्या पितळी कवचाला हलका पर्याय शोधत होते. 1906 मध्ये त्यांनी थोडं तांबं आणि मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू तापवून पाण्यात विझवला. शनिवारी कठीणपणा मोजला, तर यथातथाच. सोमवारी तोच तुकडा पुन्हा तपासला आणि तो चांगलाच कडक निघाला! मधल्या वेळात त्याला कुणी हातही लावला नव्हता.

आपोआप कडक होण्याच्या या क्रियेला आज कारखान्यांत एज हार्डनिंग म्हणतात. 548 अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियममध्ये साडेपाच टक्क्यांहून थोडं जास्त तांबं विरघळतं. थंड असताना मात्र अगदी नगण्य. गरम पाण्यात साखर जास्त मावते, तसंच हे. धातू एकदम थंड केला की तांब्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. मग ते आतल्या आत, सावकाश गोळा होत डोळ्यांना न दिसणारे पुंजके करतं. धातू वाकतो तो स्फटिकांतले दोष सरकत गेल्यामुळे. या पुंजक्यांशी ते दोष अडतात, म्हणून धातू वाकायला जास्त जोर लागतो. पुंजक्यांचा क्ष-किरणांनी छडा लागायला मात्र 1938 साल उजाडलं. फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी तो स्वतंत्रपणे लावला.

विल्म यांचा धातू ड्युरॅल्युमिन नावाने झेपेलिन हवाई जहाजांच्या सांगाड्यात गेला, मग विमानांत. विमान कारखान्यांत याच जातीचे काही रिव्हेट विझवल्यावर थेट फ्रीजरमध्ये ठेवतात, कारण बाहेर राहिले तर ठोकण्याआधीच कडक होतात. त्याहून विलक्षण गोष्ट राइट बंधूंच्या 1903 च्या इंजिनाची. त्याच्या अ‍ॅल्युमिनियम-तांब्याच्या क्रँककेसमध्ये संशोधकांना पुढे असेच सूक्ष्म कण सापडले. म्हणजे विल्म यांच्या आधी तीन वर्षं हा गुण आकाशात जाऊन आला होता, कुणाला पत्ता नसताना.

आता हा गुण आपल्या दारात उभ्या असलेल्या सायकलीत आणि गाडीतही आहे. सायकलच्या फ्रेमसाठी वापरला जाणारा 6061 जातीचा मिश्रधातू नरम अवस्थेत सुमारे 55 मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू लागतो. हीट ट्रीटमेंटनंतर, टी-6 अवस्थेत, तोच सुमारे 275 पर्यंत टिकतो. धातू तोच, वजन तेच, ताकद पाचपट. ही सगळी कमाई भट्टीच्या तापमानाची आणि वेळेची आहे, म्हणूनच ती उष्णतेने जातेही. जास्त तापवलं की बारीक पुंजके मोडून थोडे, मोठे आणि विरळ कण उरतात, आणि धातू पुन्हा नरम पडतो. वरून काहीच दिसत नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती. खड्ड्यात आपटून गाडीचं अ‍ॅल्युमिनियमचं अलॉय व्हील वाकलं, तर ते गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करून घेऊ नका. चाक गोल दिसेल, पण कारखान्यात भरलेली ताकद त्यात राहिलेली नसेल. पैसे गेले तरी चालतील, चाक बदला.