मालवाहू गाडीचा विजेचा पंखा वेळेवर सुरू होण्यासाठी

१८५५ साली आगगाडी कल्याणच्या पुढे वाशिंदपर्यंत आली, आणि १८६५ साली कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग सुरू झाला. या घाटाचा चढ इतका तीव्र, म्हणजे ३७ फुटांस १ फूट आहे की, गाडी वर चढविण्यास तिला जादा इंजिने जोडावी लागतात. सडकेने जाणाऱ्या मालवाहू गाडीला मात्र असा आधार नसतो. वाशिंद, शहापूर व मुरबाड भागांतील शेतकऱ्यांची भाजी, भात व पेंढा आज अशाच लहान गाड्यांतून कल्याण, वाशी व नाशिकच्या बाजारांकडे जातो. भरलेली गाडी उन्हाळ्यात थळ वा माळशेज घाट चढू लागली, किंवा महामार्गावरील कोंडीत तासभर अडकली, म्हणजे इंजिन तापू लागते. एकदा पाणी उकळले की इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जळते आणि दुरुस्तीत हंगामाची मिळकत खर्ची पडते. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत तर हप्ता थांबत नाही आणि गाडी मात्र थांबते. म्हणून विजेचा पंखा थोडा लवकर सुरू व्हावा अशी जोडणी पुष्कळ जण करून घेतात. ती कोठे हितकर व कोठे घातक, हे शेतकरी बांधवांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पंखा केव्हा फिरतो?

प्रथम आपल्या गाडीचा पंखा विजेचा आहे किंवा पट्ट्याने फिरणारा आहे, हे पाहावे. बहुतेक ट्रॅक्टर व अनेक डिझेल गाड्यांचा पंखा इंजिनाच्या जोरावर फिरतो. त्यांस पुढील माहिती लागू नाही. तेथे पट्ट्याचा ताण तपासावा, इतकेच.

विजेच्या पंख्यास हुकूम देणारा एक उष्णतामापी स्विच रेडिएटरवर किंवा इंजिनावर बसविलेला असतो. पाणी साधारणतः ९२ ते ९८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तो जोडला जातो, आणि काही अंश उतरल्यावर तुटतो. हा स्विच रिलेस चालना देतो व रिले पंख्यास वीज पुरवितो. गाडी वेगाने धावत असता समोरून येणारा वाराच पुरेसा असतो. पंख्याची खरी गरज मंद गतीत, चढावर व कोंडीत असते.

आधी खरा दोष शोधावा

इंजिन तापण्याचे कारण दर वेळी पंखा नसतो. पेंढ्याची कुसे, धूळ व किडे यांनी रेडिएटरच्या जाळ्या बुजलेल्या असतील, तर पंखा कितीही लवकर लावला तरी उपयोग होत नाही. इंजिन थंड असता, आतील बाजूकडून बाहेर पाण्याची मंद धार सोडून जाळी धुवावी. कूलंटची पातळी, झाकणाचे रबर, नळ्या, पाण्याचा पंप व थर्मोस्टॅट तपासावेत. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणूनच आतील पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. झाकण सैल असेल तर ही शक्ती नाहीशी होते. गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. उसळलेल्या पाण्याने हात व चेहरा भाजतो.

दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे कमी अंशाचा स्विच बसविणे. स्विचवर दोन अंक कोरलेले असतात: पहिला सुरू होण्याचा व दुसरा बंद होण्याचा. उदाहरणार्थ ९५–९० ऐवजी ९२–८७ चा स्विच घेता येतो. मात्र थर्मोस्टॅटवरील अंकही पाहावा. इंजिनावरील स्विचचा बंद होण्याचा अंक थर्मोस्टॅट उघडण्याच्या अंकाखाली गेला, तर पंखा थांबणारच नाही. बॅटरी व मोटर दोन्ही अकारण झिजतील. शिवाय फार थंड ठेवलेले इंजिन इंधन अधिक खाते.

दुसरा मार्ग म्हणजे चालकाजवळ एक बटण बसविणे. ज्या गाड्यांत उष्णतामापी स्विच रिलेची तार जमिनीस, म्हणजे गाडीच्या सांगाड्यास जोडतो, तेथे त्याच तारेस फाटा देऊन ती बटणामार्फत सांगाड्यास जोडावी. अशाने मूळ स्विच शाबूत राहतो. चालक बटण दाबण्यास विसरला तरी पंखा आपल्या वेळी सुरू होतोच. रिलेच्या वेटोळ्यास वीज किल्लीच्या तारेवरून मिळत असल्याची खात्री करावी, म्हणजे बटण चालू राहिले तरी किल्ली काढताच पंखा थांबेल व बॅटरी उतरणार नाही.

पंख्याचा संपूर्ण प्रवाह त्या लहान बटणातून नेणे ही सर्वांत घातक चूक होय. १२ व्होल्टवर १५ अँपिअर घेणारा पंखा १८० वॅट वीज ओढतो. बटण व बारीक तार त्याने वितळतात आणि गाडी पेट घेऊ शकते. पंख्याची तार ४ चौरस मिलिमीटरची, रिले ४० अँपिअरचा व बॅटरीजवळ २५ अँपिअरचा फ्यूज असावा. बटणाकडे जाणारी तार १ चौरस मिलिमीटरची चालते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. जोड नुसते पिळून चिकटपट्टीने बांधू नयेत. ते दाबून पक्के करावेत. रिले पाणी उडणार नाही अशा जागी, टोके खाली करून बसवावा. कणगीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, म्हणून त्या नळीतून न्याव्यात.

नव्या गाड्यांविषयी इशारा

अलीकडील गाड्यांत पंख्याचा कारभार संगणकाकडे असतो. तेथे उष्णतेच्या खुणेची तार तोडून किंवा मध्ये रोध घालून संगणकास फसविल्यास इंधनाचे प्रमाण बिघडते. अशा गाडीच्या तारांस हात लावू नये. हमीही रद्द होऊ शकते. अधिकृत कार्यशाळेकडेच जावे.

कसोटी

काम झाल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन चालू ठेवावे. पंखा केव्हा सुरू होतो व केव्हा थांबतो, याची नोंद करावी. पंधरा मिनिटांनी गाडी बंद करून, फिरत्या भागांपासून हात दूर ठेवून, रिले व तारांना स्पर्श करावा. त्या चटका देण्याइतक्या तापल्या असतील तर जोड सदोष आहे असे समजावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाजीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडीमालकांस एकत्र बोलावून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून रेडिएटर धुण्याचे व तारजोडणीचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. काटा तांबड्या खुणेकडे सरकू लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे, म्हणजे पंखा व पंप दोन्ही काम करीत राहतील. पाणी गळत असेल किंवा काटा चढतच असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे, ही गोष्ट प्रत्येक चालकाच्या मनावर बिंबवावी. भाजी दोन तास उशिरा पोहोचली तर थोडा भाव कमी येईल. इंजिन गेले तर सारा हंगामच जाईल.