स्वैपाकघरात उजेड आणा : काचेचे कौल घरच्या घरी



गळीत हंगाम आटोपला की मृगाआधी कौलारू घरात एक काम निघतेच – कौले चाळणे. त्यातच आणखी अर्ध्या तासाचे काम उरकून घ्या, एवढेच या खेपेस सांगायचे आहे.

आमच्या आईच्या हातून तांदळात खडे राहू लागले. आम्हाला वाटले, डोळे गेले. नेत्रशिबिरात नेले. डॉक्टरांनी तपासून विचारले, “मोतीबिंदू अजून कोवळा आहे. आजी, स्वैपाकघरात उजेड किती?” आई म्हणाली, “दिवसाढवळ्या दिवा कशाला? हाताला कळतंय की.” आम्ही खाली मान घातली. सरीत ऊन पोचले नाही तर फुटवे मरतात, हे आम्ही बांधाबांधावर सांगत फिरतो; आणि घरची खिडकी सरपणाने बुजलेली!

आधी सरपण हलवले. मग काचेची दोन कौले आणली.

आणताना घरचे एक जुने कौल बरोबर न्या. मंगळुरास बासेल मिशनच्या कारखान्यात १८६०च्या दशकात या घाटाची कौले होऊ लागली. पुढे अनेकांनी काढली. त्यामुळे मापात थोडा थोडा फरक असतो. काचेच्या कौलाची खाच शेजारच्या कौलात बसली नाही तर पाणी आत आलेच म्हणून समजा.

जागा नीट निवडा. चुलीच्या बरोबर वर नको, काच काजळीने महिन्यात काळी होते. धान्याच्या कणगीवरही नको. बाई बसून निवडते-चिरते तिथे उजेड पडावा. पूर्वेचे पाखे चांगले. पश्चिमेकडून दुपारचे ऊन अंगावर येते. वासा आणि रीप चुकवून, मधल्या मोकळ्या जागेतले कौल काढा.

आता आमची चूक ऐका. पहिल्या दिवशी आम्ही ऐटीत छपरावर चढलो आणि कौलाच्या मधोमध पाय दिला. कौल फुटले, पाय मांडीपर्यंत आत. खाली आई होती. तुकडे तिच्यापासून हातभर अंतरावर पडले. तेव्हा सांगतो, पाखे ठेंगणे असेल तर वर चढूच नका. खालची माणसे बाहेर काढा, शिडी आतून लावा, एकाला ती धरायला सांगा. वरच्या ओळीचे आणि बाजूचे कौल जरा उचला, मधल्याची नाके रिपेवरून सोडवा आणि तिरपे करून आत घ्या. त्याच वाटेने काचेचे कौल वर न्या. नाके रिपेत अडकली, खाच खाचेत बसली, वरचे कौल पूर्ववत झाकले, की झाले. छपरावर चढणे भागच असेल तर सवयीचा माणूस बोलवा. ओल्या कौलांवर तर कोणीच जाऊ नये.

फटीत सिमेंट भरू नका. लाकूड पावसात फुगते, उन्हात आटते, कौलेही त्याबरोबर हलतात. सिमेंट तडकते, आणि पुढल्या वर्षी कौल काढताना शेजारचेही फुटते. शेवटी बादलीभर पाणी वरच्या अंगाने सोडा आणि आतून बघा. थेंब आला तर कौल पुन्हा बसवा.

एक लक्षात ठेवा. काचेने उजेड येतो, धूर जात नाही. चूल पेटत असेल तर धुराडे वेगळे हवेच.

दोन कौलांनी आमचे स्वैपाकघर उजळले. वीज गेली तरी दिवसा अडत नाही. दरसाल कौले चाळताना काच ओल्या फडक्याने पुसतो, एवढीच निगा.

पहिल्या सकाळी आई बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. आम्हाला वाटले, बरे म्हणेल. ती म्हणाली, “एवढी काजळी? मला कुणी सांगितलं का न्हाई? जा, चुना घिऊन ये.”

बाजारातून येताना चुनाही आणावा, हे उत्तम.