आधी उलटायचं

पुण्यातल्या एका पोहण्याच्या टँकवर सकाळची शेवटची बॅच आवरून गेली आहे आणि काठावर चार कयाक, एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या, पाइपाने आतून-बाहेरून धुतल्या जातायत. नदीची वाळू टँकच्या पाण्यात उतरलेली इथे चालत नाही.

शिकायला आलेल्यांत एक कॉलेजातली मुलगी आहे, दोन आयटीतले मित्र आहेत आणि पन्नाशीच्या एक शिक्षिका. वल्हं अजून कुणाच्याच हातात दिलेलं नाही. "आज आधी उलटायचं. वल्हवणं नंतर," प्रशिक्षक सांगतात. मला हा क्रम फार पटतो.

बाई कयाकमध्ये बसतात. पाय पुढच्या आधारांना टेकलेले, गुडघे दोन्ही बाजूंना आतून रोवलेले. कमरेभोवतीचा स्प्रे स्कर्ट कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोबणीच्या, कडेवर ताणून बसवला जातो. आता आत पाणी शिरणार नाही, पण बाईही सहज सुटणार नाहीत. स्कर्टच्या पुढच्या टोकाला एक पट्टा आहे, तो बाहेरच राहायला हवा. आत दुमडला गेला, तर पाण्याखाली स्कर्ट उघडणार कसा? प्रशिक्षक बाईंना डोळे मिटून तो पुन्हा पुन्हा शोधायला लावतात.

"सर, श्वास पुरेल ना?"

"पुरेल मॅडम. आणि मी इथेच उभा आहे."

छातीभर पाण्यात उभे राहून ते कयाक हलकेच कलंडवतात. पाण्यावर फक्त लाल बूड उरतं. मग दोन्ही बाजूंनी दोन तळवे वर येतात आणि बुडावर थापा मारतात. थप, थप, थप. आतला माणूस शुद्धीवर आहे हे बाहेरच्यांना त्यावरून कळतं, आणि तेवढ्या वेळात त्याचं स्वतःचं मनही ताळ्यावर येतं. बाई पुढे वाकतात, पट्टा ओढतात, कॉकपिटच्या कडेला रेटा देऊन पाय सोडवतात आणि वर येतात. खोकला थांबत नाही, तरी एक हात कयाकवर आहे. नदीत तोच तरंगता आधार असतो.

पलीकडे मुलगी काठ धरून, उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणारा कमरेचा झटका शिकतेय. दर वेळी डोकं आधी वर काढते आणि कयाक पुन्हा उलटते. श्वासाची ओढच तशी असते. "आधी कंबर! डोकं सगळ्यात शेवटी!" गुडघ्याने कयाक वर खेचली की ती सरळ होते आणि डोकं मागोमाग येतं. ग्रीनलंडच्या गोठवणाऱ्या समुद्रात सील मारणाऱ्या इन्युइट शिकाऱ्यांचं आयुष्य या एका झटक्यावर टिकून असे. इथे तळाची फरशी दिसते, काठ हाताशी आहे, चुकायला वेळ आहे.

शेवटी सगळे लाइफ जॅकेट घालून पाठीवर पडतात, पाय पुढे आणि पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं आणि पाऊल खडकाच्या खाचेत अडकलं, तर मागून येणारा प्रवाह माणसाला पालथा दाबून ठेवतो, पाणी जेमतेम मांडीपर्यंत असलं तरी. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी कोलाडजवळ कुंडलिका नदीत धावत असतं, तेव्हा हे समजावत बसायला कुणाला सवड नसते.

सुट्टीत कुठेही कयाकमध्ये बसलात तर लाइफ जॅकेटचे पट्टे आधी कसून घ्या. आणि स्प्रे स्कर्टची कयाक असेल, तर टँकमध्ये एकदा उलटून, स्वतः सुटून पाहिल्याशिवाय नदीत उतरू नका.