कौलारू घर कुणाचे?

गेली काही वर्षे शहरातल्या सुखवस्तू वर्गाला गावाकडच्या घराची मोठी ओढ लागली आहे. घरसजावटीच्या मासिकांतून कौलारू छप्पर, लाकडी खांब, शेणाने सारवलेले अंगण, ओटीवरचा झोपाळा यांची छायाचित्रे झळकतात. जुने घर न पाडता त्याला आधुनिक, उबदार रूप कसे द्यावे याचे सल्ले दिले जातात. सल्ले वाईट नसतात. परंतु ही पाने वाचताना आपल्या माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्याशिवाय राहत नाही. ज्याला 'पारंपरिक घर' म्हणतात ते घर नेमके कुणाचे होते? आणि आपल्या आजा-पणजाला त्या घरात कुठपर्यंत प्रवेश होता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरील आपल्या इंग्रजी लिखाणात गावगाड्याच्या नियमांची एक यादीच दिली आहे. अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर असावी, ती दक्षिणेला असावी, कारण दक्षिण दिशा अशुभ. अस्पृश्याने जमीनजुमला करू नये, स्वच्छ कपडे घालू नयेत आणि कौलारू छपराचे घर बांधू नये. असे घर बांधणे हा गुन्हा मानला जाई! आज ज्या कौलाला 'परंपरेचा स्पर्श' म्हणून मिरवले जाते, ते कौल आपल्या डोक्यावर असणे हे कालपर्यंत बंड होते. म्हणून आपल्या वस्तीतले जुने कौलारू घर ही केवळ जुनी वस्तू समजून चालणार नाही. कोकणातल्या बौद्धवाडीत फिरून पाहा. कुणाच्या कौलाखाली गिरणीतली रात्रपाळी आहे, कुणाच्या भिंतीत गोदीतली हमाली आहे. मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरींवर गवताचे छप्पर जाऊन मंगलोरी कौले आली.

आज या घरांचे काय होत आहे? नोकरीतून निवृत्त झालेला मुलगा गावी येतो, फंडाचे पैसे हाताशी असतात. पहिला विचार येतो तो पाडण्याचा. जांभ्याच्या भिंती पाडायच्या, वासे विकायचे आणि त्या जागी सिमेंटची सपाट स्लॅब टाकायची. यामागची भावना समजून घेतली पाहिजे. ज्याला पिढ्यानपिढ्या कच्च्या घरात ठेवले गेले, त्याला पक्क्या घराची ओढ असणारच. शिवाय 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कौले पत्त्यांसारखी उडवली, तेव्हा स्लॅबची घरे टिकली हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यात माकडांचा उपद्रव. एका उडीत दहा कौले फुटतात आणि कौले चाळायला माणूस मिळत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांना हसणाऱ्याने एक पावसाळा तिथे काढावा.

परंतु सपाट स्लॅबचा अनुभवही तितकाच खरा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काही वर्षांत स्लॅब झिरपू लागते, आतले लोखंड गंजते, पोपडे पडतात. मग त्याच स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकावे लागतात. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च! एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडते. म्हातारे आई-वडील अंगणात झोपतात आणि लाखो रुपयांचे घर रिकामे राहते. प्रतिष्ठेसाठी बांधलेले घर जर राहण्याच्या लायकीचे नसेल, तर ती प्रतिष्ठा कुणाच्या उपयोगाची?

यातून मार्ग आहे. जुन्या घरातले चांगले ठेवायचे, जाचक ते काढून टाकायचे आणि आपल्याला हवे ते नव्याने घालायचे.

प्रथम छप्पर. उतरते छप्पर हे कोकणच्या पावसाचे शास्त्र आहे, ते सोडण्याचे कारण नाही. मंगलोरी कौल तरी कुठे कुणाच्या वेदपुराणातून आले? 1865 साली मंगळूर येथे बासेल मिशनच्या कारखान्यात ते बनू लागले. कारखान्यात तयार झालेली ती आधुनिक वस्तू आहे. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा ओतावा, त्यात बोल्ट सोडावेत आणि छपराचा सांगाडा त्यांना घट्ट बांधावा. वारा छपराला वरून दाबत नाही, तो खालून उचलतो. म्हणून छप्पर भिंतीला जखडलेले हवे. कडेच्या ओळीतली कौले तारेने बांधावीत. वाळवी लागलेले वासे काढून तिथे लोखंडी पाइप घालता येतात. चांगले असलेले ऐन-किंजळीचे लाकूड ठेवावे, त्याला काजूच्या टरफलांचे तेल लावावे. कौलांखाली लोखंडी जाळी किंवा फळ्यांचे आच्छादन केले तर माकडाने कौल फोडले तरी तुकडा अंगावर पडत नाही. मधूनमधून काचेची कौले बसवली की अंधाऱ्या माजघरात दिवसा दिवा लावावा लागत नाही.

दुसरे, भिंती. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की आत शिरलेली ओल अडकून पडते, काही पावसाळ्यांनी पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा करावा किंवा बाहेरून चिरा उघडाच ठेवून दर्जा भरून घ्याव्यात. नवी खोली वाढवायची असेल तर लॉरी बेकर यांचे काम जाणकार गवंड्याला दाखवावे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि 2007 साली केरळात निधन पावलेल्या या वास्तुशिल्पीने गरिबांसाठी स्वस्त, थंड आणि देखणी घरे बांधली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याची भिंत त्यांनी प्रचारात आणली. तिला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत येत नाही. स्लॅब टाकायचीच असेल तर तिच्या तळाच्या भागात जुनी कौले घालून काँक्रीट वाचवण्याची त्यांची रीतही आहे. म्हणजे आजोबांची कौले भंगारात न जाता नातवाच्या छतात राहतात.

तिसरे, दिशा. आता खेड्यापाड्यांत वास्तुशास्त्रवाल्यांचा सुळसुळाट झाला आहे आणि खेदाची गोष्ट अशी की आपली शिकलेली मंडळीही त्यांना पैसे मोजतात. ज्या दक्षिणेला अशुभ ठरवून आपल्या पूर्वजांना तिकडे वसवले, त्याच दक्षिणेला घाबरून आपण दार बदलायचे? दिशा ठरवायची ती सूर्य, वारा आणि पाऊस पाहून. हिवाळ्यात दक्षिणेकडून कोवळे ऊन घरात येते. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा जरा पुढे काढलेली पागोळी दक्षिणेच्या भिंतीला सावली देते. खरा त्रास पश्चिमेच्या उन्हाचा आणि नैऋत्येच्या पावसाचा. तिकडे पडवी रुंद करावी, झाड लावावे, खिडक्या लहान ठेवाव्यात. त्यासाठी पंचांग लागत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला वाड्याची परंपरा म्हणतात त्याची रचना पाहा. अंगण, मग ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि देवघर. आत जावे तसतसे सोवळे वाढत जाते. आपला माणूस अंगणात थांबे, बाई माजघराच्या आत राही. जातीची आणि स्त्रीदास्याची उतरंड भिंतींनी बांधून काढलेली होती! आपल्या घरातही नकळत तिची नक्कल झाली. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, धुराने काळवंडलेले, खिडकी नसलेले. नव्या घरात पहिली भिंत पाडायची असेल तर ती ही पाडावी. स्वयंपाकघर आणि माजघर एक करावे, उभ्याने काम करता येईल असा ओटा असावा, धूर जायला वाट असावी, समोर खिडकी असावी. बाहेरची बैठक चालू असताना आई, बहीण, सून यांना तिथूनच बोलता आले पाहिजे. संडास-न्हाणी घराला लागून असावी, तिला चढउतार नसावा, भिंतीला धरायला दांडी असावी. रात्री पावसात परसात जाताना पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कहाण्या कोणत्या वाडीत नाहीत?

आणि उबदारपणा? त्याला फार पैसा लागत नाही. चकचकीत, पाय घसरणाऱ्या फरशीऐवजी लाल कोबा किंवा शहाबादी. पांढऱ्याफटक दिव्याऐवजी पिवळसर प्रकाशाचा दिवा. जुन्या वाशांतून केलेला बाक. भिंतीतला जुना कोनाडा बुजवू नये, त्यात पुस्तके ठेवावीत. प्रत्येक घरात एक जागा अशी असावी की जिथे टेबल आहे, उजेड आहे आणि दूरदर्शन संचाचा आवाज येत नाही. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतून निघून 1930 च्या दशकात दादरच्या राजगृहात राहायला गेले, तेव्हा ते घर त्यांनी ग्रंथांना जागा मिळावी या हेतूने बांधले होते. मगधाच्या राजधानीचे नाव त्यांनी घराला दिले, पण वैभव मांडले ते पुस्तकांचे. आपले घर तीनशे चौरस फुटांचे असले तरी हा आराखडा आपल्याला परवडतो. रमाई आवास योजनेच्या 269 चौरस फुटांतही अभ्यासाचा एक कोपरा निघतो, फक्त गवंडी येण्याआधी तो ठरवावा लागतो.

काही तरुण विचारतात, खेड्यात पैसा घालायचाच कशाला? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचे वाभाडे काढले होते, हे ते आठवण करून देतात. आठवण योग्य आहे. खेड्याला स्वर्ग समजण्याचे आपल्याला काही कारण नाही. परंतु खेड्याचा मोह सोडणे वेगळे आणि खेड्यातला हक्क सोडणे वेगळे. रिकामे घर पडते, पडलेल्या घराची जोती राहतात आणि जोत्यावर शेजाऱ्याचे कुंपण सरकते. वाडीत म्हातारी माणसे राहतात, त्यांना पोकळ उपदेश नको, गळणार नाही असे छप्पर हवे.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी कागद पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 कुणाच्या नावे आहे? 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपली वाडी त्या मोजणीत आली का, हद्द बरोबर धरली का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. घराला पती-पत्नी दोघांची नावे लावा. भाऊ-भाऊ घराची वाटणी करताना बहिणीला साडी देऊन सह्या घेतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांची तसबीर भिंतीवर लावायची आणि त्याच भिंतीतला बहिणीचा वाटा नाकारायचा, हा दांभिकपणा आपल्याला शोभत नाही.

गवंडी, सुतार, रंगारी आपल्याच वाड्यावस्त्यांत आहेत. वाडीतल्या चार घरांनी मिळून काम काढले तर चिरा, चुना, लोखंड एकाच गाडीत येते आणि भाडे वाचते. मुंबईतल्या गावशाखांच्या सभांत जयंतीच्या वर्गणीबरोबर हा विषयही घ्यावा. मे महिन्यात मंडळी गावी जातातच. यंदा जाताना हातात मोजपट्टी आणि वही असू द्या. कोणती भिंत ठेवायची आणि कोणती पाडायची, हे ठेकेदाराने ठरवण्याआधी आईला, बायकोला आणि बहिणीला विचारा.