दुरुस्तीनंतर ट्रकचे इंजिन अडखळते का ?

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. अशा गावांतून शेतमाल बाजारात नेण्यासाठी जुने ट्रकही उपयोगात असतात. टेल्को कंपनीने 1954 साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बनविण्यास आरंभ केला. करार 1969 साली संपला, तरी त्या धर्तीची सहा सिलिंडरांची डिझेल इंजिने पुढेही दीर्घकाळ बनत राहिली. ती खोलून दुरुस्त करता येतात, हा त्यांचा मोठा गुण होय. परंतु दुरुस्तीनंतर इंजिन हादरू लागले, की मालक घाईने डिझेल पंप खोलावयास लावतो. पंपाची जुळणी एकदा बिघडली म्हणजे ती चाचणी-यंत्राशिवाय नीट बसत नाही, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते. यास्तव जो भाग नुकताच उघडला होता, त्यावर प्रथम संशय घ्यावा व सोप्या तपासणीकडून अवघड तपासणीकडे जावे.

प्रथम आवाज ऐकावा

इंजिन गरम करून मंद गतीवर ठेवावे. गती आपोआप वर-खाली होत असेल, तर डिझेलमध्ये हवा शिरल्याचा संभव अधिक. अडखळणे ठरावीक तालात होत असेल, तर बहुधा एखादा सिलिंडर काम करीत नाही.

हवा काढणे

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत सैल जोड असल्यास तेथून डिझेल गळेलच असे नाही. उलट तेथून हवा आत ओढली जाते. जुनेच तांब्याचे वॉशर पुन्हा वापरल्याने हा दोष वारंवार उद्भवतो. नवे वॉशर घालावेत, फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा, आणि बुडबुडे थांबल्यावर स्क्रू आवळावा.

दोषी सिलिंडर शोधणे

इंजिन मंद चालू असता एका वेळी एकाच नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा. इंजिनाची गती पडली, तर तो सिलिंडर ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथेच आहे. मग इंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल चाचणीस पाठवावे. तो जागीच राहिला, तर झडपांकडे वळावे. नळ्यांची अदलाबदल झालेली नाही, हेही पाहावे.

या कामी अंगावर फवारा घेऊ नये. नोझलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 100 ते 200 किलो असतो व डिझेल कातडी भेदून आत शिरते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत हा दाब 1000 किलोच्याही वर जातो. त्यांची नळी कधीही सैल करू नये.

झडपांची फट

हेड गॅस्केट बदलल्यावर काही काळ इंजिन चालले, की गॅस्केट दबते. उत्पादकाच्या पुस्तकात सांगितले असल्यास हेड ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळावे. त्यामुळे टॅपेटची फट कमी होते. ती पुन्हा न मोजल्यास झडप पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो व झडप जळते. फट त्याच पुस्तकाप्रमाणे ठेवावी.

धुराची साक्ष

काळा धूर म्हणजे डिझेल अधिक, हवा कमी किंवा फवारा खराब. डिझेलचा उग्र वास असलेला पांढरा धूर म्हणजे पंपाची वेळ मागे पडली किंवा दाब कमी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरी वाफ येऊन रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

सर्व सिलिंडर सारखे चालत असूनही हादरा राहिला, तर इंजिनाखालील रबरे पाहावीत. यानंतरच जाणत्या कारागिराकडून पंपाची वेळ तपासावी.

तेरखेड्यास शोभेच्या दारूचा उद्योग आहे. धुराड्यातून काजळीच्या ठिणग्या उडू शकतात. म्हणून अशी तपासणी फटाक्यांच्या कारखान्याजवळ अथवा कडब्याच्या गंजीजवळ करू नये.

प्रत्येक तपासणीत एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. एकाच वेळी चार भाग बदलल्यास दोष गेला तरी कारण कळत नाही, व पुढील हंगामात तोच खर्च पुन्हा करावा लागतो.